रणगाड्याचा जबाब

“आणि ही बोटं कुणाची?” भिंगकाकांनी विचारलं, आणि मी हसलो. आधी हसलोच. मुठीत मावेल एवढा रणगाडा, त्याला बोटं कुठून येणार? यावेळी तर मी त्यात माणूससुद्धा बसवला नव्हता. जळून रस्त्याकडेला पडलेला, सोडून दिलेला रणगाडा होता तो. कित्येक संध्याकाळी खपून मळवलेला. पण काकांनी डोळ्याचं भिंग काढलं नाही. चष्म्यांच्या कामातली त्यांची एक लांब सुई आहे, तिचं टोक त्यांनी चालक बाहेर पडतो त्या झाकणाच्या कडेपाशी नेलं आणि कुठेही न टेकवता तसंच धरलं. “काजळी बसलीय. फक्कड बसलीय, मानलं बुवा तुला. पण बसल्यावर ती कुणीतरी पुसलीय. आतून बाहेरच्या बाजूला. हे एक, हे दुसरं, हे बघ तिसरं, आणि ही करंगळी. माणसाची बोटं आहेत. आता सांग, सगळे पळून गेल्यावर आत कोण राहिलं होतं?”

आमचं मंडळ म्हणजे पोटापाण्याचं सोडून भलतंच करणाऱ्या माणसांचा अड्डा. फर्निचरच्या दुकानावर एक हॉल आहे, तिथं मोठ्या टेबलावर थर्माकोलच्या टेकड्या आणि बुरशी आल्यासारखं दिसणारं खोटं गवत अंथरून आम्ही रविवारी लढाया करतो. फासे टाकायचे, टेपनं अंतर मोजायचं, रणगाडे पुढे सरकवायचे आणि चहा प्यायचा. बायका हसतात, पोरं हसतात, हसू देत. पण वर्षातून एक रविवार लढाई नसते. त्या दिवशी प्रत्येकानं आपला एक रणगाडा टेबलावर ठेवायचा आणि त्याचा जबाब द्यायचा. भिंगकाका कुठल्याही डागापाशी सुई नेतात आणि विचारतात, हा कसा पडला? गंज असेल तर पाणी कुठून आलं, ओरखडा असेल तर कशाला घासलं, चिखल असेल तर कुठल्या रस्त्यानं आला. उत्तर नाही आलं की रणगाडा बाद. मग तो कितीही देखणा असो. “डाग उगाच पडत नाही,” हे काकांचं ठरलेलं वाक्य. चष्म्याचं दुकान चालवतात, अख्खा जन्म लोकांच्या डोळ्यांत बघण्यात गेला, त्यामुळे त्यांच्यापुढे लपवाछपवी चालत नाही. पण माणूस मायाळू. बाद करतानासुद्धा पाठीवर हात ठेवून करतात.

मला या जबाबाची भीती कधी वाटली नव्हती. मी दातवाला. म्हणजे डॉक्टर नाही, दातांच्या प्रयोगशाळेत चिनी मातीचे दात करणारा. डॉक्टर साचा पाठवतो, मी दात घडवतो, आणि मग त्याला मळवतो. हो, मळवतोच. खोटा दात पांढराशुभ्र केला की चोरी पकडली जाते. त्याला शेजारच्या दातासारखा वापरलेला दाखवावा लागतो, चहाची पिवळट झाक, हिरडीपाशी जरा काळपट, टोकाला बारीकशी चीर. दिवसभर तेच करतो आणि घरी येऊन रणगाड्यांवर तेच करतो. आधी गंजाचा रंग द्यायचा, त्यावर केसांवर मारतात तो स्प्रे, त्यावर हिरवा, आणि मग ओल्या ब्रशानं घासत बसायचं. हिरवा कुठे सुटतो, कुठे राहतो, आतला गंज कुठून डोकावतो, हे आपल्या हातात पूर्ण नसतं, तीच तर गंमत. स्वतःचं मात्र मला काही सुचत नाही. फोटो समोर लावायचा आणि तसंच्या तसं उतरवायचं. नकल्या आहे मी, आणि त्याची मला लाज नाही.

म्हणून तर त्या दिवशी पहिल्यापासूनच काहीतरी बिनसलं होतं, ते मला कळायला हवं होतं. काकांचा पहिला प्रश्न डाव्या पट्ट्यावरच्या जादा चिखलाचा होता. मी म्हटलं, डावीकडं ओढा होता. पास. दुसऱ्या प्रश्नाला ते थांबले. “आग पुढून कशी लागली रे? इंजिन तर मागं असतं.” मी बघितलं. खरंच की. पुढचा सगळा भाग मी जाळला होता, रंग फोड येऊन उडालेला, पत्रा राखेसारखा पांढुरका, त्यावर नारिंगी गंज. आणि मागचा भाग जवळजवळ धड. इतकी वर्षं रणगाडे करणाऱ्या माणसानं ही चूक करावी? शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी आपला सुरुंगाचं वगैरे काहीतरी पुटपुटलो. काका म्हणाले, सुरुंगानं पत्रा फाटला असता, तुझा अख्खा आहे. मागून कुणीतरी ओरडलं, “दातवाल्यानं रणगाडासुद्धा तोंडाकडून जाळला!” हॉलभर हशा पिकला, मीही हसलो. आणि त्याच हसण्यात काकांनी बोटांचं विचारलं.

तेव्हा मला पत्रा दिसला. हिरवा नाही. निळा.

म्हणजे दिसला म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर टेबल होतंच, काकांची सुई होती, त्यांच्या मनगटावरचे पांढरे केस होते. पण कानात कसलातरी बारीक आवाज सुरू झाला आणि तळपायातून गार पाणी वर चढायला लागलं. निळा पत्रा, दाराची वरची कड, त्यावर मऊ जाड काजळी आणि त्या काजळीत ओढलेले पट्टे. “अरे, तुला बरं वाटत नाहीये का?” कुणीतरी म्हणालं. खुर्ची माझ्या मागे आली, मी बसलो. काकांनी भिंग काढलं तेव्हा त्यांचा तो डोळा नेहमीपेक्षा लहान दिसला. “राहू दे, राहू दे,” ते म्हणाले, “जबाब नंतर दे.” मी म्हटलं, “नाही काका. बाद करा.” आणि रणगाडा डबीत घालून उठलो. डबी नेहमी कापसात बसवतो, तेवढंसुद्धा सुचलं नाही. जिना उतरताना तो आत खडखडत होता.

ती दादाची गाडी होती. माझा थोरला भाऊ. शहराबाहेरच्या रिकाम्या रस्त्यावर भर दुपारी त्याची गाडी दगडी कठड्याला धडकली आणि पेटली. लोक पोचेपर्यंत पुढचा भाग जळून गेला होता आणि दादा धुरानं गेला होता. तीन वर्षं झाली. या तीन वर्षांत मी सगळ्यांना हेच सांगत आलो की मी गाडी पाहिली नाही. नुसतं सांगत नव्हतो, माझी तशी खात्रीच होती. पोलीस ठाण्यामागच्या आवारात मला ओळख पटवायला बोलावलं होतं. मोडक्या दुचाकींच्या रांगा, चाकांमधून उगवलेलं गवत, आणि एक पोलीस, फार तरुण, सारखा घड्याळ बघणारा. पुढची नंबराची पाटी वितळली होती, मागची कुठेतरी पडून गेली होती. तो म्हणाला, दाराच्या चौकटीवर नंबर कोरलेला असतो, तेवढा जुळवा आणि सही करा. मी कागद घेतला, वाकलो, नंबर जुळवला, सही केली. मला आठवत होते ते फक्त आकडे. आज, मंडळाच्या हॉलवरून घरी डबी छातीशी धरून चालताना, शेजारून बसचे हॉर्न वाजत असताना, मला आकड्यांच्या आजूबाजूचं सगळं आठवत होतं. चालकाच्या दाराला खालून बाक आला होता. ते थोडं उघडून तिथंच अडकलं होतं. वरच्या कडेवर काजळी. काजळीत बोटं. आणि ती एकदाच ओढलेली नव्हती. पुसलेल्या जागी पुन्हा काजळी बसलेली आणि ती पुन्हा पुसलेली.

मी रस्त्यात थांबलो. मागून येणारी बाई माझ्यावर आदळली, “अहो, बघा की जरा!” म्हणाली आणि गेली. मला आठवायला लागलं की ते पट्टे मी कसे काढले. गेल्या आठवड्यात, माझ्या टेबलावर, रेडिओ चालू असताना. काळी पूड कडेला बसवली, मग चारच केस ठेवून कापलेला ब्रश घेतला, किंचित ओला केला आणि ओढला. पुन्हा पूड बसवली. पुन्हा ओढला. गाणं गुणगुणत होतो मी! आणि झाल्यावर लांब धरून बघितलं आणि मनात म्हटलं, वा, जमलं. कुठल्या फोटोवरून घेतलं हे विचारलंसुद्धा नाही स्वतःला. माझ्या हातानं माझ्या भावाचं मरण उतरवून घेतलं आणि मी त्याला शाबासकी दिली. हाताकडे बघवेना. डबी दुसऱ्या हातात घेतली, पण दुसरा हातही माझाच.

आणि मग वहिनींची आठवण झाली, आणि खरा घाम तेव्हा फुटला. त्या खालच्या मजल्यावर राहतात, मी वरच्या. आवारातून आलो त्या दिवशी त्या दारातच उभ्या होत्या. आणि मी, ज्याला जन्मात स्वतःचं काही सुचलं नाही, त्यानं एका दमात रचून टाकलं. म्हटलं, “वहिनी, दादाला काही कळलंच नाही. बाहेर काढणारी माणसं भेटली मला. धुरानं आधीच शुद्ध गेली होती. दार बंद होतं, हात मांडीवर होते, डोळे मिटलेले. झोपल्यासारखा.” त्यांनी मान हलवली आणि आत गेल्या. पुढे कधीही, एकदाही, त्यांनी तो विषय काढला नाही. मला वाटायचं, चला, निदान एवढं तरी आपल्या हातून चांगलं झालं. दिवसकार्याला जमलेल्या नातेवाइकांची कुजबुज मी तोडून टाकली होती. दादा शेवटचे काही महिने बोलेनासा झाला होता, गोळ्या घेत होता, खिडकीशी तासन्‌तास बसायचा; तेव्हा एक मावशी पदराआडून म्हणाल्या होत्या, “सरळ रस्त्यावर गाडी कठड्यावर जाते कशी म्हणते मी?” त्यांना मी हाताला धरून रिक्षात बसवलं. वहिनींपर्यंत त्यातलं काही पोचू दिलं नाही. त्यांच्याजवळ एकच गोष्ट उरली होती, की नवरा शांतपणे गेला. ती माझी होती, मी दिलेली. आणि आज माझ्या डबीत तिच्या उलटा जबाब होता.

एक ब्रश काळी पूड. बस, बोटं बुजवायला तेवढंच करायचं होतं. दारावरून जाताना त्यांनी हाक मारू नये म्हणून मी चपला हातात घेऊन जिना चढलो, स्वतःच्याच घरात चोरासारखा. टेबलावरचा भिंगाचा दिवा लावला, रणगाडा काढला. डबीत आपटून तोफेची नळी मोडली होती. मोडू दे. ब्रश पुडीत बुडवला आणि झाकणाच्या कडेवर आणला, आणि हात थांबला. मुद्दाम नाही थांबवला. थांबला. मला एकदम असं वाटलं की मी ही बोटं बुजवली तर दादाला पुन्हा आत ढकलून दार लावल्यासारखं होईल. मी मूर्खासारखा ब्रश हवेत धरून बसलो.

“आलात? आणि हाकसुद्धा नाही,” वहिनी दारात होत्या. हातात चहाचे दोन कप. “कितवा नंबर?”

“बाद झालो.”

“तुम्ही?” त्या हसल्या. “उद्या सूर्य पश्चिमेला उगवणार म्हणजे. का बाद केलं?”

“डाग चुकला एक.”

“बघू.” वहिनी शाळेत गणित शिकवतात. चुकलेलं उदाहरण समोर असलं की त्यांना राहवत नाही. कुठे चुकलं ते सापडेपर्यंत चहा गार झाला तरी चालतो. त्यांनी कप टेबलावर ठेवले, दिव्याचं भिंग आपल्याकडे ओढलं. माझे रणगाडे त्यांनी आजवर झाडूच्या वाटेत येणारी वस्तू म्हणूनच बघितले होते. मी म्हणालो, राहू द्या वहिनी, पूड उडेल, कपड्यांना लागेल. त्यांनी ऐकलं नाही. बराच वेळ वाकून बघत होत्या. त्यांच्या मानेवरची शीर उडत होती, तेवढीच मला दिसत होती.

“पुढून जळलाय,” त्या म्हणाल्या.

“हो, तेच चुकलं.”

“आणि ही बोटं आहेत ना?”

“नाही... तसं काही नाही. असंच सुचलं.”

त्या सरळ झाल्या. माझ्याकडे बघितलं. “भावजी, तुम्हाला असंच काही सुचत नाही. कुठे पाहिलंत?”

आता रचायचं होतं. एकदा जमलं होतं, आणखी एकदा जमवायचं होतं. कुठलंही पुस्तक, कुठलाही फोटो सांगितला असता तरी चाललं असतं. पण तोंडातून शब्द आला तो “आवारात” असा आला, आणि मग मागचं सगळं त्याच्या पाठोपाठ. पाहिलं नाही म्हणालो ते, नंबर, सही, काजळी. बाहेर काढणारी माणसं मला कधी भेटलीच नव्हती, तेही. मी टेबलाकडे बघून बोलत होतो. थांबलो तेव्हा त्यांनी विचारलं, “दार उघडं होतं?”

“थोडं.”

“थोडं म्हणजे किती?”

“वहिनी, नका ना.”

“किती, भावजी?”

मी अंगठा आणि करंगळी ताणून दाखवलं. “एवढं. पुढे अडकलं होतं, पत्रा वाकला होता.”

“आणि बोटं आतून होती.”

“हो.”

“म्हणजे लोटत होते.” त्यांचा आवाज फळ्यापुढे उभं राहून पुढची पायरी सांगावी तसा सपाट होता. “एकदाच?”

“नाही. खूपदा. पुसलेल्यावर पुन्हा काजळी बसली होती, त्यावर पुन्हा बोटं होती.” मी हातातला ब्रश खाली ठेवला. “वहिनी, मला खरंच आठवत नव्हतं. देवाशपथ. मी तुम्हाला मुद्दाम…”

त्या खाली बसल्या. खुर्ची होती, तरी जमिनीवर बसल्या, भिंतीला पाठ लावून. दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि त्यांच्या घशातून असा काही आवाज निघाला की मी उठून उभा राहिलो. झालं. मी घर पाडलं होतं. तीन वर्षं सांभाळलेलं या बाईचं एवढंसं सुख मी एका रविवारात, एका खेळण्यापायी, मातीत घातलं. पाणी आणावं, शेजाऱ्यांना बोलवावं, काय करावं ते सुचेना; मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो आणि नुसतं “चुकलो वहिनी, चुकलो” म्हणत राहिलो.

“गप्प बसा,” त्या म्हणाल्या. हात तोंडावरून काढले. चेहरा मला ओळखू येईना. “तुम्हाला काय माहीत आहे? तुम्ही त्या दिवशी मला काय सांगितलंत? हात मांडीवर होते. दार बंद होतं. भावजी, तीन वर्षं मी त्यांना तसं बघतेय. धूर भरतोय, आणि हा माणूस मांडीवर हात ठेवून बसलाय. दाराला हातसुद्धा लावत नाही. वर्गात शिकवताना बघते, दळण आणायला जाते तेव्हा बघते. रोज.”

“पण वहिनी, शांतपणे गेला असं तुम्हाला…”

“त्या दिवशी सकाळी मी त्यांना बोलले होते. नळ गळत होता, आठ वेळा सांगूनही उठेनात, आणि मी म्हणाले, तुम्ही असून काय आणि नसून काय. असं म्हणाले मी. चहा न पिता गेले. आणि संध्याकाळी तुम्ही येऊन सांगता की दाराला हात लावला नाही.” त्यांचा श्वास पुरेना. “मला वाटलं, ऐकलं त्यांनी माझं.”

माझ्या डोक्यात काही शिरतच नव्हतं. मावशींना मी रिक्षात बसवलं होतं. एक अक्षर खाली जाऊ दिलं नव्हतं. आणि तेच सगळं, दुप्पट होऊन, माझ्याच तोंडून या घरात आलं होतं आणि माझ्या पायाखालच्या मजल्यावर राहत होतं. आणि मी वर बसून गंज रंगवत होतो. रोज सकाळी जिन्यात भेटल्यावर आम्ही एकमेकांकडे बघून हसायचो. ते हसू आता आठवलं आणि अंगावर काटा आला.

“लोटत होते,” वहिनी म्हणाल्या. मला नाही, कुणालाच नाही. “श्वास कोंडला असेल. किती त्रास झाला असेल हो त्यांना. किती…” आणि मग त्याच चेहऱ्यावर, त्याच पाण्यानं भरलेल्या डोळ्यांत काहीतरी सुटलं, मी ते स्पष्ट पाहिलं आणि मला त्याची भीती वाटली. “म्हणजे ह्यांना यायचं होतं. भावजी, ह्यांना घरी यायचं होतं.”

मी हो म्हणालो.

“पुन्हा दाखवा,” त्या म्हणाल्या. “किती उघडलं होतं?”

मी हात पुढे केला, अंगठा आणि करंगळी ताणून. त्यांनी मनगटाला धरून तो जवळ ओढला. मग आपली वीत माझ्या वितीला लावून बघितली, आणि मोठ्यानं रडायला लागल्या.